कौल मागावा, तर मानावाही

फराळाला चार माणसे जमली आणि गोव्याचा विषय निघाला की कोणीतरी हमखास उसासा टाकतो, "गोवा तेव्हा महाराष्ट्रात यायलाच हवा होता!" वाचकहो, हा उसासा मला आता ऐकवत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना सरळ विचारण्यात आले : महाराष्ट्रात विलीन व्हायचे, की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळे राहण्याचे दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. तेथे वाद संपावयास हवा होता.

आमचे मित्र म्हणतात, १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आलाच होता. मग पुन्हा विचारावयाचे कारण काय? कारण उघड आहे. कारभारी निवडणे निराळे आणि आपले घर दुसऱ्याच्या घरात मिसळणे निराळे. मतदारांनीच हा भेद दाखवून दिला. विलीनीकरण नाकारल्यावर त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत त्यांनी बांदोडकरांच्या त्याच पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले! अशा मतदाराला भोळा कसे म्हणावे?

आणि नकार देणाऱ्यांना मराठीचे वैरी ठरवणे हा तर शुद्ध अन्याय. विलीनीकरणाविरुद्ध हिरिरीने लढलेले 'राष्ट्रमत' हे दैनिक मराठीच होते. चूल वेगळी मांडली म्हणून भाऊबीज थांबते काय?

१९५६ साली मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या. "आम्हांला न विचारता आमचे ठरवू नका", एवढेच त्यांचे म्हणणे होते. बेळगावसाठीही आपण तेच म्हणत आलो. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. पण तुम्हांला कोठे राहावयाचे आहे, असा थेट कौल सीमेवरच्या माणसाला कधी कोणी विचारला? गोमंतकीयांना तो मान मिळाला. त्याबद्दल हळहळणाऱ्याने बेळगावसाठी लोकमताचा दाखला कोणत्या तोंडाने द्यावा? लोकेच्छा आपल्या बाजूची असेल तेवढीच पवित्र, हा न्याय कुठला?

आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. पाकळी मनाविरुद्ध पडली म्हणून कोणी देवाशी वैर धरीत नाही. यंदा गोव्याचा विषय निघालाच, तर उसासा गिळा आणि सीमेवरच्या भावाला तसाच कौल मिळावा म्हणून आवाज उठवा. मात्र त्याचे उत्तर काहीही आले तरी ते मानण्याची तयारी आधी ठेवा.