काशीहून परतलेले फाळके

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ साली आला आणि दादासाहेब फाळके हे नाव पुरस्काराच्या बातमीतून बाहेर पडून घराघरांत पोचलं. मराठवाड्याच्या नंदू माधव यांनी उभे केलेले फाळके हसतमुख, हट्टी आणि अखंड उत्साही होते. पिक्चर १९१४ सालच्या त्यांच्या लंडनवारीपाशी थांबतो. थांबायला ती जागा चांगलीच आहे. यश मिळालेलं आहे, परदेशी कौतुक झालेलं आहे आणि माणूस मायदेशी निघाला आहे.

पण तेव्हा फाळके ४४ वर्षांचे होते. पुढची तीस वर्षं शिल्लक होती. त्या तीस वर्षांबद्दल बहुतेकांना एवढंच ठाऊक असतं की भारतीय चित्रपटाचा जनक नाशिकमध्ये विपन्नावस्थेत गेला. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चं यश आणि १९४४ चा मृत्यू यांच्यामध्ये हा माणूस काय करत होता, हे कोणी विचारत नाही. तो काम करत होता. त्यानं या धंद्याकडे पाठ फिरवली आणि पुन्हा परत आला, बहुतेकदा दुसऱ्याच्या अटींवर. त्याचा उत्तरकाळ म्हणजे केवळ घसरण होती, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

फाळक्यांचा स्वभाव आधीपासूनच तसा होता. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्यातला फोटोग्राफीचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, मग छपाईचा धंदा. छापखान्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि चालता धंदा भागीदारांशी पटेना म्हणून सोडून दिला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, तेसुद्धा आपलं आडनाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. जादूगाराचा हा हात त्यांच्यातून शेवटपर्यंत गेला नाही. वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून रोप कसं वर येतं, हे थोड्याथोड्या वेळानं एकेक चौकट टिपून त्यांनी दाखवलं, ते ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी. पडद्यावर अशक्य गोष्ट घडताना दिसली पाहिजे, हे एकच वेड आयुष्यभर त्यांच्या डोक्यात होतं.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. गल्ल्याची चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. एवढा पैसा दिसल्यावर भांडवलदार आले. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आणि इतर काही जण भागीदार झाले. नाशिकच्या आवारात नट, कारागीर, स्वयंपाकी अशी सगळी मंडळी एका कुटुंबासारखी राहत. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट तिथंच झाले. ‘कालियामर्दन’मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी. ते तुकडे आजही पाहता येतात. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचे भाव पाहिले की दिग्दर्शनाची ताकद म्हणजे काय, हे कळायला फार ज्ञान लागत नाही.

आणि तिथंच भांडण पेटलं. भागीदारांना हिशेब हवा होता. किती दिवसांत किती फूट फिल्म, किती खर्च, किती उत्पन्न? फाळक्यांना एखादं दृश्य मनासारखं होईपर्यंत वेळ हवा होता. भागीदारांना खलनायक ठरवण्याचं कारण नाही. पैसा त्यांचा होता आणि धंदा नवा होता. पण ज्या चित्रपटांनी तो पैसा आणला, ते सगळे फाळक्यांच्या पद्धतीनं, म्हणजे घड्याळ बाजूला ठेवूनच झाले होते. ही साधी गोष्ट हिशेबाच्या वहीत कुठंच मांडता येत नव्हती.

फाळके राजीनामा देऊन निघाले ते थेट काशीला, बायकामुलांसह. चित्रपटसृष्टीतून निवृत्त झाल्याचं त्यांनी जाहीर करून टाकलं. ‘संदेश’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी परत येण्याची गळ घातली, तेव्हा चित्रपटापुरते आपण मेलेलो आहोत, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी धाडलं. कोल्हटकर हाडाचे पत्रकार. त्यांनी हा मजकूर छापला आणि वाचकांकडून पत्रांचा ओघ सुरू झाला. ती पत्रं त्यांनी काशीला पाठवली. एका दिग्दर्शकानं काम सोडलं म्हणून वाचकांनी वर्तमानपत्राला पत्रं लिहावीत, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात घडली. आज किती दिग्दर्शकांच्या वाट्याला हे येईल?

काशीत ते स्वस्थ बसले नाहीत. किर्लोस्कर नाटक मंडळी तेव्हा तिथं होती. फाळक्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, आणि तेही त्या वेळच्या नाटकवाल्यांवरच टीका करणारं. चित्रपटवाल्यांवर रुसून आलेल्या माणसानं नाटकवाल्यांचीही खोड काढावी, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. १९२२ मध्ये मुंबईत ते रंगमंचावर आलं. फारसं चाललं नाही. काशीतल्या या दिवसांकडे पुढं जवळजवळ नव्वद वर्षं कोणी वळून पाहिलं नाही. मग कमल स्वरूप यांनी पाहिलं. ‘ओम दर-ब-दर’ हा भल्याभल्यांना चक्रावून टाकणारा चित्रपट करणारे हे दिग्दर्शक स्वतःही विक्षिप्त म्हणूनच ओळखले जातात. त्यांनी अनेक वर्षं फाळक्यांचा माग काढला. त्यातून झालेल्या ‘रंगभूमी’ या माहितीपटाला २०१३ सालचा सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फाळक्यांचा खरा वारस पुरस्कारांच्या यादीत शोधण्यापेक्षा अशा माणसांत शोधावा.

फाळके परत आले. हिंदुस्थान कंपनीतच आले, पण आता दरमहा हजार रुपयांवर. जी कंपनी त्यांच्या नावावर उभी राहिली, तिथं ते पगारदार झाले. विसाच्या दशकात या कंपनीतून चित्रपटामागून चित्रपट बाहेर पडले. ‘संत नामदेव’पासून सुरू झालेल्या या काळातल्या किती चित्रपटांची नावं आज कोणाला आठवतात? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळं फाळक्यांचं जे काही वाचलं, त्यात ‘राजा हरिश्चंद्र’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांचे भाग आहेत. हे सगळं काशीला जाण्याआधीचं काम. त्यामुळं नंतरच्या चित्रपटांना वाईट म्हणण्याचा अधिकारसुद्धा कोणाला नाही. ते फारसे कोणी पाहिलेलेच नाहीत.

याच सुमारास जगात दुसरीकडे काय चाललं होतं, तेही पाहण्याजोगं आहे. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस हाही मुळात जादूगारच. चंद्रावर जाणाऱ्या माणसांची गोष्ट त्यानं १९०२ मध्येच दाखवली होती. १९२३ मध्ये त्यानं आपल्या चित्रपटांच्या निगेटिव्हज स्वतः जाळल्या आणि पुढं मोंपार्नास स्टेशनवर खेळण्यांचं दुकान चालवलं. अमेरिकेतल्या डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा शेवटचा चित्रपट १९३१ चा. त्यानंतर तो सतरा वर्षं जगला, पण एकही चित्रपट त्याला मिळाला नाही. फाळक्यांचं वेगळेपण इथं दिसतं. त्यांनी फिल्म जाळली नाही आणि हातही जोडले नाहीत. कंपनीत पुन्हा खटके उडाले, तेव्हा त्यांनी मायाशंकर भट्ट यांच्या मदतीनं नवी कंपनी काढली आणि ‘सेतुबंधन’ला हात घातला.

समुद्रावर पूल बांधायचा आणि तोही पडद्यावर! त्यासाठी हंपी, रत्नागिरी, मद्रास अशी भटकंती झाली. पैसे संपले. पैशाच्या शोधात साठीचे फाळके पार एडनपर्यंत जाऊन आले आणि रिकाम्या हातानं परतले. शेवटी आपटे मदतीला आले. ज्यांच्याशी भांडून बाहेर पडले, त्यांनीच चित्रपट पुरा करू दिला. दोन वर्षं गेली आणि ‘सेतुबंधन’ १९३२ मध्ये तयार झाला.

तोवर जग बोलू लागलं होतं. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ लागला होता. आणि १९३२ च्या फेब्रुवारीत प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचा. मराठीतला हा पहिला बोलपट राजा हरिश्चंद्राचीच कथा सांगत होता. फाळक्यांनी १९१३ मध्ये जी कथा न बोलता सांगितली, तीच व्ही. शांताराम यांनी शब्दांत आणि सुरांत सांगितली. फाळक्यांचा मूकपट पडद्यावर यायला यापेक्षा अवघड मुहूर्त शोधून सापडला नसता. पुढं ‘सेतुबंधन’वर अर्देशिर इराणी यांच्याकडे हिंदी आवाज चढवला गेला. त्याला चाळीस हजार रुपये लागले.

मराठवाड्यातल्या जालन्यासारख्या गावाच्या बाजूनं पाहिलं तर मूकपटाचं जाणं हे मोठंच नुकसान होतं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. कचेरीची भाषा उर्दू, घरात मराठी, पेठेत मारवाडी. मूकपटाला यातली कुठलीच भाषा परकी नव्हती. मजकुराच्या पाट्या वाचता आल्या नाहीत तरी राम, मारुती, कृष्ण ओळखायला कोणाला शिकावं लागत नव्हतं. फाळक्यांनी पुराणकथा निवडल्या त्या भाबडेपणानं, असा आरोप होतो. खरं तर बहुतेक देशाला वाचता येत नसताना सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट निवडणं हा धंद्यातला आणि कलेतलाही शहाणपणा होता. बोलपटानं भाषा आणली आणि त्याबरोबर प्रेक्षकही भाषेनुसार वाटले गेले.

फाळक्यांना एक बोलपट मिळाला, फक्त एकच. डिसेंबर १९३४ मध्ये कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांनी त्यांना कोल्हापूर सिनेटोनसाठी बोलावलं. फाळक्यांनी आधी नाही म्हटलं, मग होकार दिला. मानधन दीड हजार, वर राहण्याचा खर्च. विषय ‘गंगावतरण’. मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत.

हा विषय त्यांच्या रक्तातला होता. ते जन्मले त्र्यंबकेश्वरला, जिथं गौतम ऋषींनी गंगा आणली अशी कथा ब्रह्मगिरीकडे बोट दाखवून पोरासोरांनाही सांगितली जाते. तीच नदी, म्हणजे गोदावरी, पुढं जालना जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून वाहते. शहागडपासून खाली घनसावंगी, परतूरकडच्या काठावरची जुनी माणसं आजही तिला गंगाच म्हणतात. आभाळातून कोसळणारा प्रवाह शंकराच्या जटेत अडतो, हे दृश्य म्हणजे ट्रिक फोटोग्राफीची परीक्षाच. ती जबाबदारी फाळक्यांचा मुलगा बाबाराय यानं उचलली. चित्रपटाला दोन वर्षं आणि अडीच लाख रुपये लागले. ६ ऑगस्ट १९३७ रोजी तो मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये झळकला. नटमंडळींत लीला मिश्रा नावाची एक तरुणी होती. अडतीस वर्षांनी ती ‘शोले’तली मौसी म्हणून देशाला पाठ झाली. फाळक्यांच्या शेवटच्या चित्रपटापासून रामगढच्या मौसीपर्यंत एका बाईची कारकीर्द पोचते, इतके ते दिवस जवळचे आहेत.

त्याच १९३७ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. मराठी चित्रपटाचं केंद्र हललं होतं. तुकारामाची विमानं आणि चमत्कार त्याही चित्रपटात आहेत, पण प्रेक्षक रडला तो विष्णुपंत पागनीसांच्या आवाजानं आणि जिजाईच्या तोंडच्या बोलीनं. फाळक्यांना दिसण्याची कला यायची. बोलण्याची कला वेगळी होती आणि ती शिकायला ६७ व्या वर्षी वेळ उरला नव्हता. याला अपयश म्हणायचं असेल तर म्हणावं. पण वयाच्या सदुसष्टीत गंगा आभाळातून उतरवून दाखवायची उमेद ज्याला असते, त्याच्या नावापुढं तो शब्द शोभत नाही.

१९३९ मध्ये चित्रपट व्यवसायाचा रौप्यमहोत्सव मुंबईत थाटात झाला. फाळके आले आणि गर्दीतले एक म्हणून बसले. शांतारामबापूंच्या लक्षात आलं, तेव्हा कुठं त्यांचा सन्मान झाला. शांतारामबापूंनी त्यांच्या घरासाठी मदतीचं आवाहन केलं. जमलेली रक्कम तोकडी होती. प्रभातनं त्यात भर घालून पाच हजार रुपये दिले. नाशिकच्या गोळे कॉलनीत घर झालं. त्याला नाव दिलं ‘हिंद सिनेमा जन्माश्रम’. रौप्यमहोत्सव करणाऱ्या लोकांना रौप्यमहोत्सव कशाचा आहे, हे सांगावं लागलं, ही गोष्ट आजही खटकते.

त्या घरात बसूनही ते नवा चित्रपट आखत होते. दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढायला सरकारचा परवाना लागे. ७३ वर्षांच्या फाळक्यांनी अर्ज केला. नकाराचं पत्र फेब्रुवारी १९४४ मध्ये आलं आणि दोन दिवसांनी, १६ तारखेला, ते गेले. म्हणजे अखेरच्या आठवड्यापर्यंत ते चालू दिग्दर्शकच होते. त्यांचा शेवट ‘विस्मृतीत गेलेला वृद्ध’ असा रंगवणाऱ्यांनी तो परवान्याचा अर्ज आधी आठवावा.

बापू वाटवे आणि जया दडकर यांनी फाळक्यांची चरित्रं लिहिली आहेत आणि दोन्ही मराठीत वाचायला मिळतात. मोकाशींच्या चित्रपटाचा उत्तरार्ध त्यांतून सहज उभा राहील. काशीची पत्रं, एडनची वारी, आपट्यांशी झालेला समेट, कोल्हापूरचा दरबार आणि बापाच्या चित्रपटासाठी प्रवाह आभाळातून उतरवणारा बाबाराय. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंची भूमिका त्यात पहिल्या भागापेक्षाही मोठी ठेवावी लागेल, कारण दर वेळी बिऱ्हाड बांधलं आणि सोडलं ते त्यांनीच. असा चित्रपट कोणी तरी करायला घ्यावा, आणि घेणाऱ्याला भागीदारांनी वेळ द्यावा.