श्रद्धा, व्यंग आणि चौदा दिवसांची सवड

करमाळा : मोबाइलवरचे एखादे चित्र, पुनर्मुद्रित व्यंगचित्र किंवा उपहासाच्या चार ओळी यांमुळे धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार घेऊन जमाव पोलीस ठाण्यात आला, तर अंमलदाराने तत्काळ गुन्हा नोंदवावा, की आधी मजकूर वाचून त्यामागचा हेतू तपासावा? हा प्रश्न वरवर कार्यालयीन कार्यपद्धतीचा वाटतो. प्रत्यक्षात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि श्रद्धेचा सन्मान यांतील जुन्या वादाचा निकाल बव्हंशी याच टप्प्यावर लागतो. न्यायालयाचा निवाडा येण्यास वर्षे लागतात. आरोपीची नोकरी, घर आणि प्रतिष्ठा यांचा निकाल मात्र पहिल्या आठवड्यातच लागलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या प्रश्नाला स्पष्ट उत्तर दिले. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध एका कवितेवरून गुजरातमधील जामनगर येथे दाखल झालेला गुन्हा न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने रद्द केला. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा केवळ बोलण्या-लिहिण्यावरून दाखल करावयाचा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (३) नुसार आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य, असे न्यायालयाने सांगितले. या चौकशीस उपअधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती चौदा दिवसांत पूर्ण करावी लागते. करमाळा हे सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या उपविभागाचे ठिकाण आहे. म्हणजेच हा निर्णय घेण्याचा अधिकार मुंबई-दिल्लीत नसून येथील उपविभागीय अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे.

कायदा हेतू विचारतो

धार्मिक भावनांविषयीच्या कायद्याचा जन्मच एका उपहासात्मक पुस्तिकेतून झाला. प्रेषित महंमद पैगंबरांच्या खासगी जीवनावर हीन टीका करणारी ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका १९२४ मध्ये लाहोर येथे प्रसिद्ध झाली. प्रकाशक राजपाल यांना खालच्या न्यायालयाने शिक्षा केली. मात्र तत्कालीन कायद्यात असे कृत्य बसत नसल्याचे सांगून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. त्यावर मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षी भारतीय दंडविधानात कलम २९५ (अ) समाविष्ट झाले. कायदा होऊनही १९२९ मध्ये राजपाल यांची हत्या झालीच.

या कलमाची शब्दरचना महत्त्वाची आहे. भावना दुखावल्या एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. कृत्य जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेले असावे लागते. इतिहासकार, समाजसुधारक आणि सद्हेतूने टीका करणारे यांना झळ पोहोचू नये, ही चिंता तेव्हाच्या विधिमंडळातील चर्चेत महंमद अली जिना यांच्यासह अनेकांनी व्यक्त केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरविले, तेही याच मर्यादेवर बोट ठेवून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ त्याच्या जागी आले. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आणि हेतूची अट कायम आहे.

एक विसंगतीही कायम आहे. या गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी सरकारची मंजुरी आवश्यक असते. गुन्हा नोंदविण्यास आणि अटक करण्यास मात्र तशी मंजुरी लागत नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. परिणामी खटला चालविण्यायोग्य आहे की नाही याचा सरकारी पातळीवर विचार होण्यापूर्वीच माणूस कोठडी पाहून आलेला असतो.

शिरीन दळवी यांचा अनुभव

या विसंगतीची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने २०१५ मध्ये पाहिले. पॅरिस येथील ‘शार्ली एब्दो’ या व्यंग साप्ताहिकाच्या कार्यालयावर ७ जानेवारी २०१५ रोजी झालेल्या हल्ल्यात बारा जण ठार झाले. त्यानंतर दहा दिवसांनी ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीत त्या साप्ताहिकाचे एक जुने मुखपृष्ठ बातमीसोबत छापले गेले. संपादक शिरीन दळवी स्वतः मुस्लिम, वाचकवर्गही मुस्लिम. पैगंबरांचा उपहास करण्याचा त्यांचा हेतू होता, असे मानण्यास आधार नव्हता. वृत्तपत्राने लगेच माफीही मागितली.

तरीही वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांत त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली. जामीन मिळाला, पण मुंबई आवृत्ती बंद पडली आणि सहकाऱ्यांसह त्यांचाही रोजगार गेला. धमक्यांमुळे त्यांना राहते घर सोडावे लागले. ज्यांच्या हेतूबद्दल संशयाला सर्वांत कमी जागा, त्यांनाच सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली. पाठीशी मोठा पक्ष, संघटना किंवा बलाढ्य मालक नसलेली व्यक्ती अशा प्रसंगी एकटी पडते.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला ‘लोकमत’च्या रविवार पुरवणीत ‘आयसिस’च्या आर्थिक स्रोतांवरील लेखासोबतच्या चित्रावरून वाद झाला. लेखाचा रोख दहशतवादी संघटनेवर होता; मात्र पैशांच्या गल्ल्याच्या चित्रावर त्या संघटनेच्या ध्वजावरील पवित्र अक्षरे आल्याने वाचक दुखावले. खानदेशात काही ठिकाणी वृत्तपत्राच्या कार्यालयांवर हल्ले झाले. वृत्तपत्राने माफी मागितली. चूक सुधारण्याचा सभ्य मार्ग तोच होता. दगडफेकीने त्यात काहीही भर घातली नाही.

दुखावणे खरे असते

या चर्चेत मुस्लिम समाजाच्या भावनेला केवळ असहिष्णुता म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. पैगंबरांचे चित्र न काढण्याची परंपरा मूर्तिपूजेच्या निषेधातून आलेली आहे आणि बहुसंख्य मुस्लिम ती कटाक्षाने पाळतात. पैगंबरांविषयीची आत्मीयता अनेकांच्या मनात आई-वडिलांवरील प्रेमापेक्षाही वरची असते. डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टेन’ने ३० सप्टेंबर २००५ रोजी बारा व्यंगचित्रे छापली, तेव्हा त्यातील पगडीतल्या बॉम्बचे चित्र सर्वाधिक झोंबले. कारण ते सगळ्या समाजालाच दहशतीशी जोडत होते. व्यंगाने सत्तेला टोचणे आणि आधीच संशयाखाली असलेल्या समाजाला डिवचणे यांत फरक आहे. खुद्द डेन्मार्कने २०१७ मध्ये ईशनिंदेचा जुना कायदा रद्द केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये धर्मग्रंथांच्या जाहीर विटंबनेवर बंदी घालणारा नवा कायदा केला. उत्तर कोणालाच सोपे सापडलेले नाही.

मात्र दुखावणे खरे असले, तरी प्रत्येक दुखावणे गुन्हा ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ६ जानेवारी २०१० रोजी इस्लामविषयक एका पुस्तकावर राज्य सरकारने २००७ मध्ये घातलेली बंदी कायम ठेवली. कोणत्याही धर्मावर टीका करता येते, पण हे लेखन अभ्यासपूर्ण नसून विद्वेष पसरविणारे आहे, असा त्याचा आशय होता. दुसरीकडे जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये विद्वेषाचा हेतू दिसत नसल्याने पुण्यातील गुन्हा रद्द केला आणि २०१० मध्ये बंदी उठविणारा उच्च न्यायालयाचा निकालही कायम ठेवला. पुस्तकाचा विषय कोणत्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे यावर निकाल बदलता कामा नये. मजकूर आणि त्यामागचा हेतू यांवरच तो ठरला पाहिजे.

रस्त्यावर हा भेद टिकत नाही. जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषध विक्रेत्याची हत्या झाली. नूपुर शर्मा यांच्या समर्थनार्थ मजकूर पाठविल्याच्या रागातून ती झाल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरील ‘स्टेटस’वरून दगडफेक झाली व इंटरनेट बंद करावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत आक्षेपार्ह मजकुराच्या निमित्ताने जमावाने प्रार्थनास्थळावर हल्ला केला आणि एका तरुणाला प्राण गमवावे लागले. दुखावल्याचा दावा दोन्हीकडून झाला. जीव सामान्यांचे गेले.

संवादाची जुनी रीत

महाराष्ट्राला धर्मावरील व्यंग नवे नाही. पैठणच्या संत एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या सोळाव्या शतकातील भारुडात एक हिंदू व एक तुर्क परस्परांच्या देवकल्पनांची आणि आचारांची यथेच्छ टर उडवितात. अखेर दोघांनाही एकाच परमेश्वराची खूण पटते आणि ते एकमेकांना आलिंगन देतात. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंदे येथील संत शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ रचला आणि कर्मकांडावर कोरडे ओढले. खुद्द करमाळ्यातील कमलाभवानीचे मंदिर अठराव्या शतकात उभारले, ते निजामाच्या दरबारी असलेल्या राव राजे निंबाळकरांनी. विसाव्या शतकात हमीद दलवाई यांनी १९६६ मध्ये मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढून आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून समाजांतर्गत टीकेची वाट मोकळी केली. त्यांनाही मोठा विरोध सोसावा लागला.

एकनाथांच्या भारुडात एक गोष्ट आज विशेष जाणवते. तेथे दोन्ही पक्ष बोलतात आणि दोन्ही पक्ष ऐकतात. एकतर्फी हेटाळणी आणि परस्परांची झडती यांतील हे अंतर कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. मजकूर पूर्ण वाचणाऱ्यालाच ते कळते.

म्हणूनच चौदा दिवसांची सवड मोलाची आहे. अर्थात तिची ढाल करून चिथावणीकडे डोळेझाक करता येणार नाही. द्वेषमूलक भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ एप्रिल २०२३ चा आदेश सर्व राज्यांना लागू झाला. एखाद्या समाजावर हात उचलण्यास सांगणारा वक्ता आणि चित्र निवडताना चुकलेला संपादक यांना एका तराजूत तोलणे हीच खरी चूक होय. पहिल्याला संरक्षण मिळते आणि दुसरा कोठडीत जातो, असे चित्र दिसले की कायद्यावरचा विश्वास उडतो.

मजकुराचा परिणाम सारासार विवेक असलेल्या खंबीर माणसाच्या दृष्टीने तपासावा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या दृष्टीने नव्हे, हा निकष स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयातील न्या. व्हिव्हियन बोस यांनी मांडला होता. २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचीच आठवण दिली. सणांपूर्वी प्रत्येक ठाण्यात शांतता समितीच्या बैठका होतात. मिरवणुकीचा मार्ग आणि ध्वनिक्षेपकाची वेळ तेथे ठरते. तक्रारीनंतर चौकशी कशी होईल, अधिकारी कोण, मुदत किती, हेही त्याच बैठकीत सर्वांना सांगितले, तर ऐन वेळी ठाण्यासमोर जमणाऱ्या गर्दीला सांगण्यासारखे पोलिसांकडे काही असेल. आरोपी कोणत्याही धर्माचा असो, त्याला तेवढे चौदा दिवस मिळाले पाहिजेत. शिरीन दळवी यांना ते मिळाले नव्हते.