आजीच्या पदराआड दडलेले सरकार

ज्या महाराष्ट्रात कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाताना वक्त्यांचा कंठ दाटून येतो, रक्ताचे नाते आमच्या संस्कृतीत कुणालाही उघड्यावर पडू देत नाही असे ज्या महाराष्ट्रात प्रत्येक व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगितले जाते, त्याच महाराष्ट्रात आईबापांविना उरलेल्या नातवंडांना पोटाशी धरून सत्तरीची आजी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, गुडघे धरत पाण्याची घागर आणते, आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून नातवाच्या ताटात टाकते आणि ‘मी गेल्यावर या लेकरांचे कोण?’ ही एकच चिंता उराशी घेऊन रात्री अंग टाकते. या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, ते सारे तिच्याच पदराआड दडून बसले आहेत.

कोण आहेत ही मुले? यवतमाळ-अमरावतीच्या कोरडवाहू रानात बापाने कर्जापायी विषाची बाटली तोंडाला लावली, वर्षा-दोन वर्षांत आईला दुसरे घर करून देण्यात आले, आणि मागे आजोबांच्या खाटेशेजारी जी उरली, ती ही मुले. हुंड्यापायी आई जळाली, बाप तुरुंगात गेला, आणि एका रात्रीत जी कायमची आजोळी आली, ती ही मुले. क्षयाने, दारूने, हमरस्त्यावरच्या अपघाताने, करोनाच्या दुसऱ्या लाटेने घरातली कर्ती माणसे ओढून नेल्यावर मामाच्या, मावशीच्या, आत्याच्या, नाहीतर नुकत्याच लग्न झालेल्या थोरल्या बहिणीच्या दारात जी उभी राहिली, तीही हीच. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांकडे निघाले की आईबाप जिवंत असूनही पाच-सहा महिने जी पोरकी होतात आणि म्हाताऱ्यांच्या भरवशावर गावात राहतात, त्यांनाही याच रांगेत उभे करावे लागेल. ही मुले बालगृहात गेली नाहीत, सिग्नलवर भीक मागताना कुणाला दिसली नाहीत, म्हणून ती कुणाच्या विवेकाला टोचत नाहीत. नातेवाइकांनी त्यांना घरात घेतले आणि समाजाने सुटकेचा निःश्वास टाकला.

हा निःश्वास म्हणजेच अपराधाची सुरुवात आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला, कुटुंबात वाढण्याचा त्याचा अधिकार अग्रस्थानी ठेवला, आणि विस्तारित कुटुंबात राहणाऱ्या अनाथ बालकाला प्रायोजकत्वाचे साहाय्य देण्याची तरतूद ४५ व्या कलमात केली. कायद्याच्या दृष्टीने, आईबाप नसलेल्या मुलाचे पालकत्व अंतिमतः राज्याकडे येते. मग जी आजी, जो मामा, जी मावशी ते पालकत्व प्रत्यक्षात निभावते, ती राज्याचेच काम करते, राज्याचाच भार वाहते आणि राज्याच्याच तिजोरीतला बालगृहाचा खर्च वाचवते. या कामाबद्दल राज्य तिला काय देते?

राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिन्याला पूर्वी ४२५ रुपये मिळत, मग १,१०० झाले आणि २०२३ पासून २,२५० रुपये मिळतात. दिवसाचे पंचाहत्तर रुपये. यात दूध, वही, चप्पल, औषध, एसटीचे भाडे आणि वाढत्या वयाची भूक बसवून दाखवा, असे आव्हान आम्ही अनुदानाचा आकडा ठरवणाऱ्यांना देतो. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रायोजकत्वापोटी महिना ४,००० रुपये आहेत, पण तिथे ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावे लागते. पाच माणसांच्या घरात हा हिशेब माणशी दिवसाला चाळीस रुपये होतो. म्हणजे आजोबांनी रोजगार हमीवर चार दिवस जास्त घाम गाळला, मामाने शेळी विकली, की मूल शासनदरबारी गरजू राहत नाही! आणि हे अनुदान मंजूर झाले तरी हातात कधी पडेल? महिनोन्महिने ते थकते, मग कधीतरी एकगठ्ठा जमा होते, तोवर किराणा दुकानदाराच्या वहीतले पान भरलेले असते. भूक मात्र निधी वितरित होण्याची वाट पाहत नाही.

त्या अनुदानापर्यंत पोहोचण्याची वाट तर याहून निर्दय. आईचा मृत्यूचा दाखला, बापाचा मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सर्वांची आधारकार्डे, शाळेचे बोनाफाइड, बँकेचे पासबुक, आणि या सगळ्यावर कळस म्हणून मुलासह घरासमोर उभे राहून काढलेला फोटो. ज्या म्हातारीच्या बोटांचे ठसे झिजून आधारच्या यंत्रावर उमटत नाहीत, तिने आष्टीहून बीडला, धडगावहून नंदुरबारला, भामरागडहून गडचिरोलीला मजुरी बुडवून जायचे, बालकल्याण समितीपुढे उभे राहायचे, ‘एक कागद कमी आहे’ हे ऐकून परतायचे आणि पुन्हा जायचे. मुलाचे नाव मेलेल्या बापाच्या रेशनकार्डावर असते म्हणून आजोबांच्या कार्डावर धान्य वाढत नाही. मामा कायदेशीर पालक नाही म्हणून बँकेत खाते अडते. जातीच्या दाखल्यासाठी बापाकडचे कागद लागतात आणि बापाकडचे चुलते दार उघडत नाहीत. मायबाप सरकार म्हणवून घेणाऱ्यांनी पोरक्या मुलाकडे त्याच्या पोरकेपणाचे इतके पुरावे मागावेत, याची त्यांना लाज वाटली पाहिजे.

आणि पोरकेपणातही प्रतवारी! २०२१ मध्ये करोनाने दोन्ही पालक हिरावलेल्या मुलांसाठी केंद्राने तेविसाव्या वर्षी हाती पडणाऱ्या १० लाखांची तजवीज केली, राज्याने ५ लाखांची मुदत ठेव केली. ते योग्यच झाले. त्या मुलांचा एक पैसाही कमी करा असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचे आईबाप त्याच वर्षी क्षयाने गेले, ट्रकखाली गेले, एकाच दोराला लटकले, त्या मुलाची भूक कोणत्या वेगळ्या जातीची होती? साऱ्या देशाचे लक्ष ज्या मृत्यूकडे होते, त्याचीच तेवढी भरपाई झाली. बाकीची मुले आजीच्या ओटीत टाकून दिली गेली.

राज्याच्या बालसंगोपन योजनेला आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. हे नाव देणाऱ्यांना त्या घराचा इतिहास ठाऊक आहे काय? जोतीराव तान्हे असतानाच त्यांची आई चिमणाबाई वारल्या, आणि त्यांना वाढवले ते नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. पुढे १८६३ मध्ये त्याच जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, समाजाने टाकलेल्या विधवांना दार उघडे केले आणि त्यातल्याच एकीचा मुलगा यशवंत आपला म्हणून वाढवला. आई भीमाबाई गेल्या तेव्हा लहानग्या भीमराव आंबेडकरांना सांभाळले आत्या मीराबाईंनी. सगुणाबाई आणि मीराबाई नसत्या तर हा महाराष्ट्र कसा असता, याचा विचार करून अंगावर काटा येतो. त्यांच्या उपकारावर उभा असलेला हा प्रांत आजच्या सगुणाबाईला तालुक्याच्या खिडकीपुढे तिष्ठत ठेवतो आणि योजनेच्या फलकावर मात्र सावित्रीबाईंचे चित्र छापतो. हा आदर नव्हे. ही विटंबना आहे.

सरकारला जाब विचारताना समाजाला सोडून देण्याइतके आम्ही भाबडे नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ असे म्हणत आम्ही मावशीच्या मायेवर सारा भार टाकला आणि मावशीचे घर कसे चालते हे पाहायला कधी गेलो नाही. माया खरी असते, पण माया उपाशीही असते. आणि जिथे ती आटते तिथे पोरके मूल फुकटचा गडी होते. वडील गेल्यावर आईबरोबर दापुऱ्याला आजोळी आलेला डेबूजी शाळेचे तोंड न पाहता गुरांमागे हिंडला, नांगर हाकत मोठा झाला. तो पुढे गाडगेबाबा झाला, ही त्याच्या आत्म्याची थोरवी. त्याचे अक्षर हिरावले गेले, ही आपली नामुष्की. आजही मामा-चुलत्यांच्या घरी भाच्या-पुतण्यांच्या हाती दप्तराऐवजी शेणाची पाटी येते. मृत भावाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अज्ञान मुलाचे नाव ‘अ.पा.क.’ म्हणजे ‘अज्ञान, पालनकर्ता’ अशा नोंदीसह लागते, पालनकर्ता म्हणून चुलता मिरवतो, पीक उचलतो, विम्याचे आणि मदतीचे पैसे जिरवतो आणि मूल सज्ञान होईपर्यंत बांध सरकलेला असतो. भावकीतल्या तेराव्याला पंगतीला बसणारा सारा गाव हे पाहतो आणि तोंड पुसून घरी जातो.

मुलीच्या वाट्याला तर याहून भीषण येते. आजी थकलेली, घर गळके, पोर वयात आलेली, आणि ‘माझे डोळे मिटण्याआधी हिचे हात पिवळे व्हावेत’ ही त्या म्हातारीची अगतिक घाई. अठराच्या आतल्या मुलीचे लग्न हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे हे भटजीला ठाऊक असते, मंडपवाल्याला ठाऊक असते, अक्षता टाकणाऱ्या सरपंचालाही ठाऊक असते. त्याच सरपंचाच्या अध्यक्षतेखाली गावात बाल संरक्षण समिती असावी असा शासनाचा आदेश आहे. किती गावांत ती समिती रजिस्टरबाहेर आली? त्या पोरीचे बालपण एका दुपारी अक्षतांखाली गाडले जाते आणि त्याचा पंचनामा कुणीच करत नाही.

यातूनही एखादा पोरगा तगतो, बारावीपर्यंत पोहोचतो. नेमका त्याच वेळी तो अठरा वर्षांचा होतो आणि अनुदान तुटते. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलाला अनुरक्षणाचे, आर्थिक साहाय्याचे कवच ४६ व्या कलमाने दिले. पण कुटुंबात वाढणे श्रेष्ठ म्हणणाऱ्या त्याच कायद्याचे हे कलम आजीच्या झोपडीतून बाहेर पडणाऱ्या मुलाबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणजे आजीने त्याला संस्थेत सोडले असते तर तो राज्याचा, आणि तिने उपाशी राहून छातीशी धरला म्हणून तो कुणाचाच नाही! मायेला दंड करणारा याहून क्रूर न्याय कोणता?

म्हणून आमची मागणी विनवणीच्या भाषेत नाही. नात्यात वाढणाऱ्या प्रत्येक पोरक्या मुलाचे साहाय्य हा कायदेशीर हक्क माना. राज्य आणि केंद्र यांच्या रकमांतला भेद मोडून ही रक्कम किमान ४,००० रुपये करा, महागाईशी बांधा आणि दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात टाका. आईबाप कशाने गेले हे विचारणे थांबवा. बालकल्याण समितीने तालुक्याच्या गावी बसावे, दाखले गोळा करण्याचे काम म्हातारीच्या पायांवर न टाकता जिल्हा बाल संरक्षण कक्षाने करावे. सांभाळ करणाऱ्याला एकच प्रमाणपत्र द्या आणि शाळा, बँक, दवाखाना, रेशन दुकान यांना ते मान्य करणे बंधनकारक करा. दर तीन महिन्यांनी प्रशिक्षित माणूस त्या घरी जावा, मुलाशी एकट्याने बोलावा, त्याची शाळा, त्याचे ताट, त्याच्या अंगावरचे वळ आणि त्याच्या सातबाऱ्याची नोंद पाहावी. अठरानंतर किमान एकवीसपर्यंत शिक्षणाचा खर्च चालू ठेवा. आणि गावांनो, १०९८ हा क्रमांक भिंतीवर रंगवून गप्प बसू नका, तो फिरवा.

यासाठी पैसा नाही, असे सांगणाऱ्या मंत्र्यांनी आधी स्वतःच्या स्वागताच्या कमानी, पुष्पवृष्टीची यंत्रे आणि जाहिरातींवरची छायाचित्रे यांचा हिशेब जनतेपुढे ठेवावा, मग आजीच्या डोळ्याला डोळा भिडवून तिजोरी रिकामी असल्याचे सांगावे. ती म्हातारी आज आहे. उद्या ती नसेल, आणि तेव्हा तिचा नातू वीटभट्टीवर, तिची नात पंधराव्या वर्षी बाळंतपणाच्या खाटेवर असेल, आणि त्यांच्या नशिबाला दोष देऊन आपण सारे मोकळे होऊ. आम्ही मोकळे होऊ देणार नाही. सरकारचे देणे थकले आहे. ते फेडा.