लिंबू सरबत आणि ईसीजी

हे लिहिताना माझ्या छातीला वायरी चिकटवलेल्या आहेत आणि कमरेला मोबाइलएवढा एक डबा लटकतोय. होल्टर म्हणतात त्याला. चोवीस तास हृदयाचे ठोके रेकॉर्ड करतो. अंघोळ बंद, त्यामुळे ब्लॉग चालू!

झालं असं, की मी पडलो. सायकलवरून नाही, प्रेमात तर नाहीच (आई वाचत असेल तर तिच्यासाठी खुलासा). गोगाबाबा टेकडीच्या चढावर पळता पळता पडलो. रविवार, सकाळचे साडेसहा, आम्ही चौघं ऑफिसवाले. अर्धा चढ झाला होता. पुढचं आठवत नाही. मळमळ नाही, घाम नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. एकदम तोंडात मुरूम आणि वर तीन चेहरे. मित्र म्हणतात पंधरा-वीस सेकंद गेले असतील. हात टेकवायलाही वेळ मिळाला नाही म्हणून हनुवटी फुटली. फिरायला आलेल्या एका आजोबांनी चप्पल काढून माझ्या नाकाला लावली होती म्हणे.

मग सल्ले सुरू. "सुबह कुछ खाया नहीं था क्या भाई?" "रात्री जागून कॉल घेणं बंद कर." आईचं ठरलेलं, "दूध बंद केलंस ना, मग असंच होणार." दोन ग्लास लिंबू सरबत पाजलं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी बीपी बघितलं, सलाइन लावलं, अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. ईसीजी नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगू का, तीन मित्रांसमोर पडलो याची लाजच जास्त वाटत होती. पुढच्या रविवारी परत टेकडीवर जायचं ठरवूनही टाकलं होतं.

ते वाचवलं मित्राच्या वहिनीने. ती नर्स आहे. तिने फोनवर एकच विचारलं, "भाऊजी, पळणं थांबवल्यावर पडलात, की पळताना?"

इथेच सगळी मेख आहे. रांगेत उभं राहून, उन्हात, रक्त बघून किंवा पळून थांबल्यावर जी चक्कर येते ती बहुतेक वेळा बीपी अचानक उतरल्याने येते. आधी कळतं, माणूस खाली बसतो, बरा होतो. पण ऐन दमछाक चालू असताना, काहीही न कळता माणूस कोसळला, तर तपासणी होईपर्यंत ते हृदयाचंच दुखणं धरायचं असतं. लिंबू सरबत नंतर.

ईसीजीला मला तीनशे रुपये लागले. त्यात क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. एक ठोका देऊन हृदय पुन्हा चार्ज व्हायला किती वेळ घेतं, तो वेळ म्हणा. पुरुषांमध्ये, ठोक्यांच्या वेगाचा हिशेब करून, हा साधारण ४५० मिलिसेकंदांच्या आत हवा. माझा पहिल्यांदा ४७४, दुसऱ्यांदा ४६१. वारंवार ४८० च्या वर आला असता तर सरळ निदान केलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सध्या नुसती शंका. लाँग क्यूटीच्या एका प्रकारात पळताना, विशेषतः पोहताना, ठोके वाढतात पण चार्ज होण्याचा वेळ हवा तितका कमी होत नाही. मग पुढचा ठोका अर्धवट चार्ज झालेल्या हृदयावर येऊन आदळतो (आमच्या भाषेत रेस कंडिशन, आणि तीही अक्षरशः रेसमध्ये!). ठोक्यांचा गोंधळ होतो, मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस पडतो. गोंधळ आपोआप थांबला तर उठतो आणि लोक म्हणतात अशक्तपणा. हातपाय झटकले तर म्हणतात फिट आली, आणि काही जणांना वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या चालू राहतात. गोंधळ थांबला नाही तर उठत नाही. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो, त्यात बग सापडेलच असं नाही. म्हणून हा डबा.

डॉक्टरांनी अजून एक विचारलं होतं. "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का? झोपेत, पळताना, पाण्यात?" मी ऐटीत म्हणालो, "नाही." आई शेजारी गप्प बसली होती. पार्किंगमध्ये आल्यावर म्हणाली, "दादा."

माझा मामा. पैठण तालुक्यातल्या आजोळच्या विहिरीत १९८९ साली गेला, बाविसाव्या वर्षी. पट्टीचा पोहणारा. सूर मारला, दोन हात मारले आणि गेला. गावाने ठरवलं, साती आसरांनी ओढला. आजी मरेपर्यंत त्या विहिरीवर नैवेद्य ठेवायची आणि आम्हा नातवंडांना काठावर फिरकू द्यायची नाही. मामाला हेच होतं का, ते आता कोणी सांगू शकत नाही. पण पस्तीसेक वर्षं ही माहिती आमच्या घरात पडून होती आणि तिचा उपयोग फक्त आम्हाला घाबरवायला झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याच गरवारे स्टेडियमवर सामना चालू असताना ३५ वर्षांचा एक फलंदाज हात दुखतोय असं सांगून परत निघाला आणि वाटेतच कोसळून गेला. त्याचं दुखणं वेगळं असेल, हात दुखणं हे बऱ्याचदा रक्तवाहिनी तुंबल्याचं लक्षण असतं. पण तो व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर आला तिथे चर्चा एकच, लस! आयसीएमआरने २०२३ मध्ये १८ ते ४५ वयाच्या ७२९ अचानक मृत्यूंचा अभ्यास छापलाय. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो घरात आधी कोणी असं अचानक गेलेलं असेल तर, कोव्हिडमुळे दवाखान्यात राहावं लागलं असेल तर, अति दारू आणि आधीच्या दोन दिवसांत अति दमछाकीचा व्यायाम झाला असेल तर. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

आणि पोलीस भरती घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत भरतीचं १६०० मीटर पळून झाल्यावर विदर्भातली दोन पोरं गेली. भरतीत पळणं पहिलं, मेडिकल सगळ्यात शेवटी. म्हणजे लोड टेस्ट आधी आणि कोड रिव्ह्यू नंतर. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाचा आधी ईसीजी काढतात. व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे असे मृत्यू १९७९-८० मध्ये दर लाखामागे वर्षाला ३.६ होते, ते २००३-०४ पर्यंत ०.४ वर आले. लाखो उमेदवारांचे ईसीजी कोण वाचणार, चांगल्या पोरांना उगाच बाद करणार का, हे प्रश्न खरे आहेत, मला मान्य आहेत. मग निदान फॉर्मवर दोन ओळी छापा ना: पळताना कधी शुद्ध गेली होती का, घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं का. "हो" म्हणेल त्याचाच काढा.

अर्थात, नोकरी पणाला लागलेला पोरगा "हो" लिहील का? मी डॉक्टरांसमोर "नाही" म्हणालोच की. (मला माहीत नव्हतं हे खरं, पण आईला होतं.)

हे सगळं एवढ्या तावातावाने लिहायचं कारण माझी धाकटी बहीण. ती पोलीस भरतीची तयारी करतेय. काल फोन केला तर आधी टायमिंग सांगितलं. आठशे मीटर, दोन मिनिटं पंचावन्न सेकंद. मी ईसीजीचं काढलं तर म्हणाली, "दादा, काही निघालं तर मला पळू देणार नाहीत ना?" मला उत्तर आलं नाही. मग तिनेच विचारलं, "मामा खरंच तसाच गेला का रे?"

उद्या सकाळी हा डबा काढणार. सोमवारी दहाला तिचा ईसीजी आहे, आई सोबत जातेय. तोपर्यंत तिचं पळणं बंद, आणि ती माझ्याशी बोलत नाहीये.