पंख्याआधी वार्निश

मालवण किनाऱ्यावर बर्फाच्या कारखान्यातली मोटर चालू आहे की बंद, हे रस्त्यावरून कळते. कारखान्यामागच्या परड्यातल्या बोअरमध्ये मात्र दुसरी मोटर चालत असते आणि ती चालू आहे हे पाइपातून पाणी आल्यावरच समजते. पहिलीच्या मागे पंखा, पंख्यावर झाकण आणि अंगभर फिन्स. दुसरीला यातले काहीच नाही. सहा इंची बोअरमध्ये 10 अश्वशक्तीची मोटर सहज उतरते. ती लांबीला जास्त असते आणि कार्यक्षमतेत थोडी मागे पडते, हे मान्य. पण तिच्या वाइंडिंगला चहूबाजूंनी पाणी भिडलेले असते, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीस पटींहून अधिक सहज वाहते. मे महिन्यात पाणी खाली गेले, अंगावरून वाहायचे थांबले, की हीच मोटर जळून आपल्या टेबलावर येते. मोटर कशी गार राहते याचा एवढा स्पष्ट पुरावा दारात असताना, वरची मोटर तापली की आपला हात आधी पंख्याकडे का जावा? मोठे पाते बसवा, झाकण काढून ठेवा, बाजूला टेबलफॅन लावा, हे उपाय आपण सगळेच सुचवतो. या अंकातून मला मांडायचे आहे ते असे, की लहान, गार आणि शांत मोटर हवी असेल तर पंख्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पंख्याचा हिशेब कठोर आहे. एकाच घडणीच्या पंख्याचा व्यास 10 टक्क्यांनी वाढवला तर वारा साधारण एकतृतीयांशाने वाढतो, पण पंखा खात असलेली वीज 60 टक्क्यांनी वाढते आणि आवाज सुमारे 3 डेसिबलने चढतो. वेग दुप्पट झाला तर आवाज 15 डेसिबलच्या आसपास वाढतो. म्हणूनच 2,900 फेऱ्यांची मोटर 1,450 फेऱ्यांच्या मोटरीपेक्षा इतकी कर्कश असते, आणि तो कर्कशपणा बहुतांशी बेअरिंगचा नसून पंख्याचा असतो. हाच हिशेब उलटा केला की आशा दिसते. मुळात उष्णताच कमी झाली तर लहान पंख्यावर भागते. 7.5 किलोवॅटची चार पोलची आयई1 मोटर पूर्ण भारावर सुमारे 1,220 वॅट उष्णतेत घालवते. आयई3 मध्ये हा आकडा 800 च्या खाली येतो आणि आयई4 मध्ये 600 वर. तांबे आणि पत्रा जास्त लागतो, वजन आणि किंमत वाढते, ही तक्रार खरी आहे. पण आयई1 आणि आयई3 दोन्ही 132 च्याच फ्रेममध्ये बसतात. पाया बदलावा लागत नाही आणि आवाजाचा मुख्य उगम आवरता येतो.

आता आपल्या हातातल्या कामाकडे येऊ. तांब्यातली उष्णता स्टेटरच्या कोअरमध्ये, तिथून बॉडीत आणि बॉडीवरून हवेत जाते. यातला शेवटचा टप्पा सर्वांत अवघड असतो, मग आतल्या टप्प्यांत लक्ष कशाला घालायचे, असा आक्षेप जाणकार घेतील. उत्तर सोपे आहे. शेवटचा टप्पा सुधारायचा तर वारा वाढवावा लागतो आणि त्याची किंमत आवाजात मोजावी लागते. आतले टप्पे सुधारताना काडीचाही आवाज होत नाही. स्लॉटमध्ये तारांच्या मधली प्रत्येक पोकळी हवेने भरलेली असते, आणि वार्निश त्या हवेपेक्षा सात-आठ पट चांगली उष्णता वाहून नेते. ब्रशने वरवर फिरवलेले वार्निश फक्त बाहेरच्या वळशांना चकाकी आणते, स्लॉटच्या आत पोचत नाही. आधी वाइंडिंग तापवून ओल काढायची, मग पूर्ण बुडवायचे, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचे, निथळून भट्टीत भाजायचे आणि शक्य असेल तर हे सारे पुन्हा एकदा करायचे. पावसाळ्यातल्या आपल्या हवेत ओल न काढता केलेले डिपिंग ही ओल आत कोंडण्याचीच व्यवस्था असते. तीच काळजी तारेच्या गेजची. घालायला सोपे जावे म्हणून तांब्याचे क्षेत्रफळ 10 टक्क्यांनी घटवले, की तांब्यातली उष्णता 11 टक्क्यांनी वाढते. जुने वाइंडिंग गॅसच्या ज्वालेने जाळून काढणे तर मला सर्वांत घातक वाटते. कोअर सुमारे 370 अंशांच्या वर गेला की पत्र्यांमधले इन्सुलेशन बिघडू लागते आणि त्यानंतर ती मोटर भार नसतानाही तापते. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी 2003 मध्ये चाचण्या घेऊन दाखवून दिले, की पद्धत सांभाळली तर रिवाइंड केलेल्या मोटरीची कार्यक्षमता टिकते.

उघडी मोटर लहान असते आणि सहज गार होते, तीच का वापरू नये, असेही विचारले जाते. घाटावरच्या कोरड्या शेडमध्ये ती चालेल. इथे खारा वारा थेट वाइंडिंगवर मीठ बसवतो, मीठ ओल धरून ठेवते आणि इन्सुलेशनमधून गळती सुरू होते. किनाऱ्यावर बंद बॉडीच हवी, आणि म्हणूनच आतली वाट सुधारण्याला इथे अधिक महत्त्व आहे. बाहेरून पाहायचे ते एवढेच, की फिन्सच्या मधल्या खाचा मीठ, गंज आणि रंगाच्या थरांनी बुजलेल्या नसाव्यात. रंग हवाच, पण जुना खरवडून पातळ दिलेला. आणखी एक सावधगिरी व्हीएफडीची. वेग कमी झाला की मोटरीच्याच शाफ्टवरचा पंखाही मंदावतो. पंपाचा भार त्याहून वेगाने उतरतो, त्यामुळे तिथे भीती नाही. कॉम्प्रेसरचा तसा उतरत नाही, तिथे स्वतंत्र पंखा लागतोच.

उरतो तो वेळेचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. मासळी उतरलेली असते, बर्फ हवा असतो, गिऱ्हाईक संध्याकाळी मोटर मागते; दोन वेळा भाजायला सवड कुठली? पण इन्सुलेशनचे तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. घाईत वाचवलेले ते तास पुढच्या ऐन हंगामात परत द्यावे लागतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बर्फाच्या कारखान्यांचा भार उतरतो. मोठी मोटर उघडायची ती तेव्हा, आणि हंगामासाठी एक तयार मोटर मालकाला बाजूला ठेवायला लावायची. उघडण्याआधी आणि जोडल्यानंतर बिनभाराचा करंट आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून वहीत लिहावा, शेजारी भरल्या भारावर दोन तासांनंतरचे बॉडीचे तापमानही. ते आकडे उतरलेले दिसले, की टेबलफॅन उचलायला मालकाला वेगळे सांगावे लागणार नाही.