डांबराचा हिशेब गावानेही मांडावा

दिवाळी उरकली, सोयाबीन घरात आले, की आपल्या जिल्ह्यात सडकांच्या कामांचा हंगाम लागतो. गिट्टीचे ढीग पडतात, रोलर येतो, नारळ फुटतो आणि चार दिवसांत काळीकुळकुळीत सडक तयार होते. पुढच्या पावसाळ्यात ती उखडली की गावात एकच वाक्य ऐकू येते, ‘डांबर टाकलंच नाही बाप्पा, नुसतं शिंपडलं!’ ही ओरड खरी की खोटी, हे ठरवायला गावाजवळ काहीच नसते. किती डांबर पडायला हवे होते हेच ठाऊक नसेल, तर कमी पडले या म्हणण्याला साहेबांच्या टेबलावर वजन येणार तरी कसे?

वास्तविक हा हिशेब अवघड नाही. ज्याला दुकानदाराची उधारी जोडता येते, त्याला हाही जमेल.

ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी बहुधा पावणेचार मीटर रुंद असते. लांबी एक किलोमीटर धरली तर क्षेत्र झाले ३,७५० चौरस मीटर. त्यावर २० मिलिमीटर जाडीचे कार्पेट आणि वरून सील कोट, हा नेहमीचा प्रकार. मानकाप्रमाणे दर १० चौरस मीटर कार्पेटला १४.६ किलो डांबर आणि ०.२७ घनमीटर गिट्टी लागते. डांबरात कालवलेल्या बारीक चुरीच्या सील कोटला तेवढ्याच जागेत ६.८ किलो डांबर आणि ०.०६ घनमीटर चुरी लागते. आता गुणाकार करा. कार्पेटला ५,४७५ किलो, सील कोटला २,५५० किलो, एकूण ८,०२५ किलो. म्हणजे किलोमीटरला आठ टन डांबर! दीडशे किलोचे एक पिंप धरले तर पन्नासच्या वर पिंपे झाली. गिट्टी सुमारे ३६ ब्रास आणि चुरी सुमारे ८ ब्रास. खालच्या थरावर मारायचे प्राइम कोट आणि टॅक कोटचे पातळ डांबर यात धरलेले नाही, त्याचा हिशेब वेगळा. अंदाजपत्रकात कार्पेटऐवजी दुसरा प्रकार असेल तर आकडेही बदलतील. म्हणून आधी अंदाजपत्रक पाहावे, मग बोलावे.

एवढा आकडा हाती आला की बाकीचे आपोआप कळते. सडक पावणेचारऐवजी साडेतीन मीटरच केली, तर किलोमीटरमागे ५३५ किलो डांबर वाचते. कार्पेट २० ऐवजी १५ मिलिमीटरचे झाले, तर जवळपास १,३७० किलो. आणि सील कोट गाळलाच, तर सरळ अडीच टन. वीतभर रुंदी किंवा बोटाच्या पेराएवढी जाडीही डोळ्यांना जाणवत नाही. तराजूला मात्र ती बरोबर कळते.

सील कोट म्हणजे शोभेचा लेप, असा कित्येकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हे कार्पेट मुळात सच्छिद्र असते. वरून सील कोट नसेल तर पाणी त्यातून खाली झिरपते आणि भार पेलणारा गिट्टी-मुरमाचा थर भिजतो. आपली जमीन काळी, चिकण. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अशा जमिनीवर पाणी आत शिरले की ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली दोन वेळा गेली तरी खड्डा तयार!

हेही खरे की, सगळे खापर डांबरावर फोडून चालणार नाही. नाल्या बुजलेल्या असतील, साइडपट्ट्या सडकेपेक्षा उंच असतील, डांबर नको तेवढे तापवून जाळले असेल, तर पुरेपूर डांबर टाकूनही सडक टिकत नाही. काम मिळावे म्हणून अंदाजपत्रकाच्या कितीतरी खाली दर भरणारा कंत्राटदार ती तूट कुठून भरून काढणार, हा प्रश्न खात्यानेही स्वतःला विचारला पाहिजे.

कागदावरचे डांबर आणि सडकेवरचे डांबर यांत केवढे अंतर पडू शकते, हे देशाने पाहिले आहे. नव्वदच्या दशकात बिहारमध्ये डांबर घोटाळा गाजला. कारखान्याच्या डेपोतून उचललेले डांबर कामावर पोचलेच नव्हते. तपास सीबीआयकडे गेला आणि एका माजी मंत्र्याला २०१८ साली रांचीच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. निकाल लागेपर्यंत वीस वर्षांवर काळ लोटला होता. आपल्याला तेवढी वाट पाहायची नाही.

मग करायचे काय? काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रकाची नक्कल मागावी. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. डांबर पडेल त्या दिवशी गावातले दोन-चार शहाणे लोक टेप घेऊन हजर राहावेत. भांडायला नव्हे, मोजायला. डांबराच्या चलनावरील तारीख, वजन आणि कामाचे नाव टिपून घ्यावे, म्हणजे एकच चलन दोन कामांना जोडले जाणार नाही. शंका आली तर अभियंत्याला मिश्रणाचा नमुना घ्यायला लावावा. प्रयोगशाळेत डांबर विरघळवून वेगळे केले की गिट्टीत ते नेमके किती होते, हे कळते. थर झाकला गेल्यावर मोजमाप पुस्तिकेतला आकडाच खरा ठरतो.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या कामावर माहिती फलक लावावा लागतो. जिल्हा परिषदेने आपल्या प्रत्येक डांबरी कामावर असा फलक लावावा आणि त्यावर लांबी, रुंदी, जाडी, डांबर किती टन, गिट्टी किती ब्रास, हे मराठीत ठळक लिहावे. निव्वळ लाखांचे आकडे आणि पुढाऱ्यांची नावे वाचून गावाला काय कळणार?

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गाड्या वाऱ्यासारख्या धावू लागल्या. पण शेतकऱ्याचा माल बाजार समितीत जातो तो गावच्या सडकेने, आणि अडलेली बाळंतीण दवाखान्यात पोचते तीही त्याच सडकेने. त्या सडकेवर किलोमीटरला आठ टन डांबर पडले की नाही, हे विचारण्याचा पहिला हक्क गावाचाच आहे. तो पावसाळ्यानंतर नव्हे, डांबर गरम असतानाच बजावावा.