सुशिक्षितांची चोरी

जिवंत ग्रंथकाराची कादंबरी बाजारांत येऊन महिना लोटत नाहीं, तोंच तिची पीडीएफ प्रत व्हॉट्सॲपवर घरोघर फिरूं लागते; आणि ती पुढें धाडणारे सद्गृहस्थ आपण मराठीची सेवा करीत आहों असें समजतात! या सेवेचें खरें नांव चोरी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ज्ञान सर्वांचें, हा त्यांचा युक्तिवाद कायद्यासही मान्य आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं आपल्याकडे त्याचे ग्रंथ सर्वांस मोकळे होतात. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले, म्हणून ‘श्यामची आई’ २०११ पासून मोकळी आहे. अध्यापनासाठीं पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रती देण्यास दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१६ सालीं मुभा दिली, तिचें आम्हीं शिक्षक या नात्यानें स्वागतच केलें. परंतु ती मुभा वर्गासाठीं आहे, दिवाणखान्यासाठीं नव्हे.

दुर्मिळ ग्रंथ मिळत नाहींत, ही तक्रार खरी. पण दुकानांत मांडलेल्या पुस्तकास ती कशी लागू पडावी? मराठी आवृत्ति बहुधा हजाराच्या आंतबाहेर प्रतींची. शेंकडों घरांनीं ती फुकट वाचली, म्हणजे दुसरी आवृत्ति लांबणीवर पडलीच. उपाहारगृहांत एका सायंकाळीं पांचशें रुपये सहज मोजणाऱ्यांनीं तरी गरिबीची सबब सांगूं नये.